भंडारा, मे १९५४: दुसऱ्या मताचं काय करायचं?

पोटनिवडणूक का लागते याची कारणं आपल्याला पाठ असतात. खासदाराचं निधन झालं, त्याने राजीनामा दिला, पक्ष बदलला किंवा तो मंत्री होऊन दुसऱ्या सभागृहात गेला. भंडारा लोकसभा मतदारसंघात १९५४ साली पोटनिवडणूक लागली, तिची कारणं मात्र यातली कुठलीच नव्हती. एक कारण होतं सैनिकांना विकल्या जाणाऱ्या विड्या. दुसरं होतं महानुभाव पंथात गेलेला एक माणूस अजून महार आहे की नाही, हा प्रश्न.

या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हरले. दर एप्रिलमध्ये आणि दर डिसेंबरमध्ये आपल्या फोनवर एक पोस्ट फिरते: बाबासाहेब दोनदा निवडणूक हरले, एकदा मुंबईत आणि एकदा भंडाऱ्यात. पोस्टमधली माहिती बरोबर आहे. खाली कमेंटमध्ये कोणी कोणाला हरवलं यावरून भांडण सुरू होतं आणि तिथेच विषय संपतो. ती जागा रिकामी का झाली, मतदान कोणत्या पद्धतीने झालं आणि त्या पद्धतीने मतदारासमोर कोणता पेच टाकला, हे त्या भांडणात कधी येत नाही. भंडाऱ्याची खरी गोष्ट मात्र त्या पेचात आहे.

एक मतदारसंघ, दोन खासदार

आज एका मतदारसंघातून एकच खासदार निवडून येतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, म्हणजे १९५१-५२ मध्ये, तसं नव्हतं. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ३१४ मतदारसंघ एक सदस्यीय होते, ८६ द्विसदस्यीय आणि एक तर त्रिसदस्यीय होता. द्विसदस्यीय मतदारसंघात सर्वसाधारणपणे एक जागा अनुसूचित जातीसाठी किंवा जमातीसाठी राखीव असे आणि दुसरी सर्वांसाठी खुली असे. मतदार तेच, गावं तीच, मतदान केंद्रही तेच. प्रत्येक मतदाराला दोन मतं असत.

मतपत्रिकेवर तेव्हा उमेदवारांची नावं छापलेली नसत. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे आणि पेटीवर चिन्ह लावलेलं असे. काँग्रेसची बैलजोडी, आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. मतदार आत जाऊन हव्या त्या पेटीत आपली मतपत्रिका टाकत असे. द्विसदस्यीय मतदारसंघात त्याच्या हातात दोन मतपत्रिका पडत. त्या दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर त्यातली एकच धरली जाई, दुसरी बाद.

मोजणीचा नियम असा होता. आधी राखीव जागा भरायची: राखीव गटातल्या उमेदवारांपैकी सर्वांत जास्त मतं ज्याला, तो विजयी. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांत, ते कुठल्याही गटातले असोत, ज्याला सर्वांत जास्त मतं, तो दुसऱ्या जागेवर विजयी. म्हणजे राखीव गटातला दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारही मतांच्या जोरावर खुल्या जागेवर निवडून येऊ शकत होता. आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात १९५७ साली हेच घडलं. दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, ते पडले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही हरले.

या नियमाने काय काय होऊ शकतं याचं उत्तम उदाहरण १९५२ चा उत्तर मुंबई मतदारसंघ आहे. काँग्रेसचे विठ्ठल गांधी यांना सुमारे १ लाख ४९ हजार मतं मिळाली आणि काँग्रेसचेच राखीव उमेदवार नारायण काजरोळकर यांना १ लाख ३८ हजार. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना १ लाख ३९ हजार, त्यांचे मित्रपक्षाचे सोबती बाबासाहेब यांना १ लाख २३ हजार. आकडे नीट पाहा. अशोक मेहतांची मतं काजरोळकरांपेक्षा जास्त आहेत, तरी मेहता पडले आणि काजरोळकर निवडून आले. यात काही गैर नव्हतं. राखीव जागेची स्पर्धा काजरोळकर आणि आंबेडकर यांच्यात होती, खुल्या जागेची गांधी आणि मेहता यांच्यात.

कुजवलेली मतं

मुंबईच्या त्या निवडणुकीने मराठी राजकारणाच्या बोलीत एक शब्दप्रयोग रुजवला: मत कुजवणे. आपल्या आवडत्या उमेदवाराला एक मत द्यायचं आणि दुसरं कोणालाच द्यायचं नाही. ते घरी न्या, फाडून टाका, नाहीतर त्याच पेटीत टाकून बाद होऊ द्या.

वाया घालवलेलं मत कोणाच्या कामाचं, असं आधी वाटतं. पण मोजणीचा नियम आठवा. समजा, एका उमेदवाराचे पन्नास हजार पक्के मतदार आहेत. ते दुसरं मत मित्रपक्षाच्या उमेदवाराला देतात तेव्हा त्या मित्राचेही पन्नास हजार वाढतात. खुल्या जागेसाठी दोघांचीही मतं एकाच रांगेत मोजली जाणार असतील, तर आपण आपल्याच उमेदवारासमोर स्पर्धक उभा करतो आहोत. दुसरं मत कुजवलं तर तो स्पर्धक तिथेच मागे राहतो. कायद्याने प्रत्येकाला दोन मतं दिली होती आणि त्याच कायद्यातल्या हिशेबाने एक मत न वापरणाऱ्याचा फायदा होत होता. सॉफ्टवेअरमध्ये असं दिसलं तर आम्ही त्याला डिझाइनमधली फट म्हणतो. वापरणारा नियम मोडत नाही, पण नियम ज्यासाठी केला तेही घडत नाही.

मुंबईत सत्तर हजारांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या. कम्युनिस्टांनी मतं कुजवण्याचा प्रचार केला, असा आरोप आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्जात केला होता. श्रीपाद अमृत डांगे याच मतदारसंघात उभे होते. बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले होते, त्यामुळे बाद मतांचा आकडा लहान नव्हता. अर्ज मात्र फेटाळला गेला. बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. कुजवलेल्या मतांचा फटका काय असतो हे त्यांना स्वतःच्या पराभवातून माहीत होतं. भंडाऱ्याकडे जाताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

विड्या आणि पंथ

भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होतं आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच होता. तांदूळ, तेंदूपत्ता आणि विड्या हे इथलं अर्थकारण. इथल्या द्विसदस्यीय मतदारसंघातून पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी सर्वसाधारण जागेवर आणि तुलाराम साखरे राखीव जागेवर निवडून आले. त्यांच्या निवडीला आव्हान दिलं गेलं. प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालपत्र लिहिलं. बोस स्वतः नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, त्यामुळे हा मुलूख त्यांना नवा नव्हता.

पहिला मुद्दा जसानींचा. मूलजी सिक्का आणि कंपनी या विडी कंपनीत ते भागीदार होते. सरकारच्या कॅन्टीनमधून सैनिकांना विकण्यासाठी ही कंपनी विड्या पुरवत होती. सरकारला माल पुरवण्याच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध आहे तो लोकप्रतिनिधी होण्यास अपात्र, असं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात होतं. बचाव असा झाला की हा करार घटनेने सांगितलेल्या पद्धतीने, राष्ट्रपतींच्या नावाने, झालेलाच नाही. मग त्याला कंत्राट म्हणायचं कसं? न्यायालयाने हे मान्य केलं नाही. कागद अपुरा असेल, पण व्यवहार खरा होता. माल जात होता, पैसे येत होते. हितसंबंध होता, म्हणून अपात्रताही होती.

दुसरा मुद्दा गंगाराम ठवरे यांचा. त्यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. छाननीत तो नाकारण्यात आला. कारण, ते महानुभाव पंथात गेले होते. चक्रधरस्वामींचा हा पंथ तेराव्या शतकापासूनचा. मराठी गद्याचा आरंभ आपण ज्या ‘लीळाचरित्रा’पासून मानतो ते याच पंथाचं. पंथात जातिभेद नाही. मग जो या पंथात गेला त्याला जात उरली का? आणि जात उरली नसेल तर त्याने राखीव जागा मागायची कशी?

न्यायालयाने इथे तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. जुना समाज त्या माणसाकडे कसा पाहतो, त्याचा स्वतःचा हेतू काय आहे आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. नुसतं उपासनेचं दैवत बदलल्याने माणूस जातीतून बाहेर पडतो असं होत नाही. ठवरे स्वतःला महार म्हणवत होते, समाजही त्यांना महारच मानत होता आणि त्यांचे विवाहसंबंध समाजातच झाले होते. तेव्हा ते महारच, त्यांचा अर्ज चुकीने नाकारला गेला आणि त्यामुळे संपूर्ण निवडणूकच रद्द.

अशा रीतीने भंडाऱ्याच्या दोन्ही जागा एकदम रिकाम्या झाल्या.

मे महिन्यातला प्रचार

राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे राहिले. विदर्भात फेडरेशनचं काम जुनं आणि पक्कं होतं, मुंबईइतकंच नागपूरही चळवळीचं केंद्र होतं. सर्वसाधारण जागेवर मुंबईतलेच जुने सोबती अशोक मेहता प्रजासमाजवादी पक्षातर्फे आले. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत पंचायत राजची ‘अशोक मेहता समिती’ पाठ केली असेल तर ते हेच मेहता. काँग्रेसचे राखीव उमेदवार होते भाऊराव बोरकर.

बाबासाहेबांचं वय तेव्हा त्रेसष्ट होतं आणि प्रकृती खालावलेली होती. मधुमेह आणि सांधेदुखीने ते त्रस्त होते आणि दिवस विदर्भातल्या मे महिन्याचे. तरी ते सभा घेत फिरले. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळातून बाहेर पडून त्यांना अडीच वर्षं झाली होती आणि नेहरू सरकारच्या धोरणांवर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर, ते कडाडून बोलले.

मग दुसऱ्या मताचा प्रश्न आला. आंबेडकरी चळवळीत ही आठवण आजही सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला. आपला मतदार हत्तीच्या पेटीत मत टाकणार यात शंका नाही. पण प्रजासमाजवादी पक्षाचा सवर्ण मतदार दुसरं मत बाबासाहेबांना देईलच याची खात्री काय? मुंबईत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा आपण आपलं दुसरं मत कुजवू. राखीव जागा हुकली तरी खुल्या जागेच्या रांगेत मेहता मागे राहतील.

बाबासाहेबांनी याला नकार दिला, असं ही आठवण सांगते. घटनेने मतदाराला दोन मतं दिली आहेत, ती त्याने वापरली पाहिजेत. मत वाया घालवा असं घटना लिहिणाऱ्याने सांगणं शोभत नाही, त्यापेक्षा पराभव पत्करू, असा त्यांचा भाव होता.

निकाल लागला. खुल्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बोरकर जिंकले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी हरले.

आकडे काय सांगतात

मतदान गुप्त असतं. कोणत्या मतदाराने दुसरं मत कोणाला दिलं हे सांगता येत नाही. पण एकत्र लढणाऱ्या जोडीतल्या दोघांच्या मतांमधला फरक ही एक खूण असते. सगळ्यांनी दोन्ही मतं जोडीलाच दिली असती तर दोघांचे आकडे जवळपास सारखे आले असते.

मुंबईत मेहता आणि आंबेडकर यांच्यात सोळा हजारांचा फरक होता. तिथे काँग्रेसच्या जोडीतही राखीव उमेदवार अकरा हजारांनी मागे होता. दोन्ही बाजूंना फरकाची दिशा एकच. या फरकाचा एक भाग अपक्षांकडे, इतर पक्षांकडे गेलेल्या मतांमुळे असू शकतो, काही मतं चुकून बाद झालेली असू शकतात. तरी दोन वेगवेगळ्या पक्षांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या मतदारांत, राखीव उमेदवारच मागे पडावा हा निव्वळ योगायोग मानणं कठीण आहे. भंडाऱ्यात पुन्हा तेच दिसलं. जोडीतला एक जण निवडून आला, दुसरा पडला. जो पडला तो देशातल्या सर्वांत विद्वान नेत्यांपैकी एक होता आणि घटना मसुदा समितीचा अध्यक्ष होता.

फेडरेशनच्या मतदाराने मित्राला दिलेलं दुसरं मत मेहतांच्या विजयात मोजलं गेलं. तितक्याच प्रमाणात उलट दिशेने मत आलं नाही. बाबासाहेबांचा पराभव इतक्या साध्या वाक्यात सांगता येतो. संयुक्त मतदारसंघात राखीव उमेदवार हा शेवटी बहुसंख्यांच्या दुसऱ्या मतावर जगतो, ही शंका त्यांनी पुणे कराराच्याही आधीपासून मांडली होती. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी त्यातूनच आली होती. भंडाऱ्यात ती शंका त्यांच्याच नावापुढे आकड्यात उतरली.

मतं कुजवली असती तर ते जिंकले असते का? मेहतांचे आकडे घसरले असते हे नक्की. पण मग खुल्या जागेवर बाबासाहेब की काँग्रेसचा सर्वसाधारण उमेदवार, ही वेगळी लढत झाली असती. म्हणजे नकार देऊन त्यांनी हातातली जागा सोडली असं म्हणता येत नाही. त्यांनी सोडला तो एक डाव. समोरच्याने आपल्याविरुद्ध वापरलेला आणि कायद्यात बसणारा.

हा नकार मला मोठा वाटतो, पण त्याची किंमतही दिसते. संसदेत थेट लोकांकडून निवडून जाण्याची त्यांची ती शेवटची संधी ठरली. नियम पाळण्याचा भार नेहमी ज्याला नियमाचा सर्वांत कमी फायदा मिळतो त्यानेच उचलावा, ही अपेक्षा आपल्याकडे फार सहज केली जाते. भंडाऱ्याची आठवण सांगताना बाबासाहेबांच्या तत्त्वनिष्ठेचं कौतुक होतं. ज्यांनी दुसरं मत दिलं नाही त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पुढे काय झालं

भंडाऱ्याला त्या लोकसभेच्या काळात आणखी एक पोटनिवडणूक पाहावी लागली. भाऊराव बोरकरांच्या निधनानंतर १९५५ मध्ये त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर त्याच राखीव जागेवरून लोकसभेत गेल्या.

द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. राखीव जागेसाठी वेगळा, एका खासदाराचा मतदारसंघ आला आणि मत कुजवण्याचा प्रश्न कायमचा मिटला. बहुसंख्य मतदार आपल्याला हवा तो राखीव उमेदवार निवडतात, ही बाबासाहेबांची मूळ तक्रार मात्र त्याने सुटली नाही.

ठवरे यांच्या खटल्यातला प्रश्न तर लवकरच मोठ्या रूपात परत आला. पोटनिवडणुकीनंतर अडीच वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, भंडाऱ्याहून सुमारे साठ किलोमीटरवर नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायासह बौद्ध धम्म स्वीकारला. १९३५ मध्ये येवल्याला केलेली घोषणा पुरी झाली. दोन महिने उलटायच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

१९५० चा राष्ट्रपतींचा आदेश सांगत होता की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. शिखांचा अपवाद झाला, बौद्धांचा नाही. डॉ. मेश्राम १९६२ साली नागपूरच्या एका राखीव विधानसभा मतदारसंघातून निवडून आले. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, त्यामुळे ते आता अनुसूचित जातीचे नाहीत. निवड रद्द.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. ठवरे जातिभेद न मानणाऱ्या पंथात गेले, तरी समाजाच्या लेखी महार राहिले आणि कायद्यानेही राहिले. मेश्राम बुद्धाकडे गेले. गावाच्या, शेजाऱ्याच्या, भाड्याने खोली देणाऱ्याच्या नजरेत काहीही बदललं नव्हतं, पण कायद्याच्या नजरेत त्यांची जात एका दिवसात संपली. भंडाऱ्याच्या खटल्यात ‘जुना समाज कसा पाहतो’ हा प्रश्न विचारला गेला होता. आदेशाच्या एका ओळीमुळे नागपूरच्या खटल्यात तो विचारण्याची गरजच उरली नाही. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना १९६० मध्ये दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडलं. मधली चौतीस वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी. बाबासाहेबांच्या मागे धम्मात गेलेल्या त्या पिढीला राखीव जागेवर उभं राहायचं तर आपण बौद्ध नाही असं म्हणावं लागत होतं.

भंडारा-गोंदिया मतदारसंघात मे २०१८ मध्ये पुन्हा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. नाना पटोले यांनी राजीनामा दिला म्हणून. तीच होरपळ, तोच महिना. या वेळी यंत्रं बिघडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. आम्ही तंत्रज्ञानवाले त्या बातमीवर बरंच बोललो: यंत्र तापतं का, कागदाची चिठ्ठी बरोबर निघते का, मोजणी पडताळता येते का. हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्यात पेट्या नीट होत्या, पत्रिका नीट होत्या, बेरीजही बरोबर होती. मतदाराच्या हातात दुसरी मतपत्रिका होती आणि ती कोणाच्या पेटीत टाकायची हे त्याने स्वतः ठरवलं होतं.